दार कोणी उघडलं?

पत्राचा सारांश: नाशिकच्या एक ताई, वय सत्तेचाळीस. पाच वर्षांपासून दर रविवारी चौदा जणांच्या ग्रुपबरोबर सायकल चालवतात, राइडची आखणीही त्याच करतात. महिन्यातून एकदा राइड गंगापूर धरणाकडच्या एका हॉटेलात थांबते. तिथे ग्रुपचे दोन तट पडतात, बियरवाले आणि वाईनवाले. ताई वाईनवाल्यांत. ग्रुपमधला एक तरुण, ज्याला त्या धाकटा भाऊ मानतात, दिंडोरीकडचा द्राक्षबागायतदार आहे. द्राक्षं वाईनरीला देतो आणि स्वतः बियर पितो, यावरून त्याला नेहमी चिडवलं जातं. तीन आठवड्यांपूर्वी जेवून परतताना गंगापूर रोडवर एका मेडिकलसमोर उभ्या असलेल्या गाडीचं ड्रायव्हरच्या बाजूचं दार अचानक उघडलं. तो त्यावर आदळला आणि रस्त्याच्या मधोमध पडला. कॉलरबोन मोडलं. मागच्या स्कूटरवाल्याने वेळेवर ब्रेक दाबला म्हणून तेवढ्यावर निभावलं. गाडीवाला आधी "बघून चालवता येत नाही का?" म्हणून ओरडला, मग जवळ येऊन म्हणाला, "तोंडाला वास येतोय याच्या." त्यानंतर ग्रुपमधलं कोणी काही बोललंच नाही. गाडीवाला निघून गेला. हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी "काही घेतलं होतं का?" विचारलं, तेव्हा ताई "नाही" म्हणाल्या. पोलिसांत कोणी गेलं नाही. आता वाईनवाले म्हणतात, ग्रुपमध्ये बियर बंद करा, वाईनला हरकत नाही. ताईंचे यजमान म्हणतात, सायकलच बंद कर. ताई विचारतात: "त्याने एकच बियर घेतली होती, मी दोन ग्लास वाईन. थांबा मीच ठरवला होता. चूक माझीच ना?"

ताई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्या वाचनात मलाही बियरच दिसली. दुसऱ्या वेळी "दार अचानक उघडलं" या शब्दांपाशी थांबले. दार आपण होऊन उघडत नाही. आत एक माणूस बसला होता. त्याने मागे न बघता खटका ओढला आणि दार रस्त्यात ढकललं. तुमच्या मूळ पत्रात बियरवर दीड पान आहे आणि त्या माणसावर दोन ओळी. तुम्ही सगळे ज्या क्षणी गप्प झालात, तेव्हापासून तो या गोष्टीतून निघूनच गेला.

मी हे इतक्या खात्रीने का म्हणते, ते सांगते. काही वर्षांपूर्वी पुण्यात टिळक रस्त्यावर सकाळी पावणेसातला माझ्यासमोर असंच दार उघडलं. पोटात फक्त अर्धा कप चहा. शाळेची वेळ, आईने गाडी कडेला घेतली आणि मागच्या सीटवरच्या मुलाने उजवीकडचं दार लोटलं. दाराच्या कडेची ती काळी रबरी पट्टी मला आजही दिसते, कारण ती माझ्या डोळ्यांच्या उंचीला येऊन थांबली होती. म्हणजे मी तोवर खाली आलेली होते. डाव्या हाताची दोन बोटं ब्रेकच्या दांडीत चेमटली. पोरगं दप्तर छातीशी धरून रडायला लागलं. आणि जमलेल्या लोकांनी मला पहिला प्रश्न विचारला, "हेल्मेट होतं ना?" दार का उघडलं, हे त्या आईला कोणी विचारलं नाही. मीही नाही. त्या दिवशी मी शुद्धीवर होते, सावकाश चालले होते, आणि तरीही घरी येऊन आठवडाभर माझीच चूक शोधत होते.

म्हणून आधी एवढं करा, की ग्लास आणि दार या दोन गोष्टी वेगवेगळ्या ठेवा. ग्लासाची लाज वाटली म्हणून दाराचा हिशेब सुटला, असं तुमच्याकडे झालं आहे. दार त्याचं होतं म्हणून ग्लासाचं काहीच नाही, असंही होऊ द्यायचं नाही.

ग्लासापासून सुरू करते. तुम्ही लिहिता "एकच बियर". कोणती, ताई? पाच टक्क्यांच्या माइल्ड बियरचा ३३० मिलिलिटरचा पाइंट असेल तर त्यात साधारण १३ ग्रॅम अल्कोहोल असतं. आठ टक्क्यांच्या स्ट्राँगची ६५० मिलिलिटरची मोठी बाटली असेल तर ४१ ग्रॅमच्या आसपास. दोन्हींना आपण "एकच" म्हणतो. आणि वाईनचा दीडशे मिलिलिटरचा ग्लास, साडेबारा टक्क्यांचा, साधारण १५ ग्रॅमचा. म्हणजे त्याने पाइंट घेतला असेल तर त्याच्या मागोमाग सायकल चालवणाऱ्या तुम्ही त्याच्या दुपटीहून जास्त घेतलं होतं. हे तुम्हाला लागेल असं वाटतं, पण सांगायलाच हवं, कारण "बियर बंद, वाईन चालू" हा ठराव तुमच्या ग्रुपमध्ये मंजूर व्हायच्या बेतात आहे. शरीर तासाला साधारण सात ते दहा ग्रॅम अल्कोहोल उतरवतं. दोन ग्लास उतरायला तीन ते चार तास, मोठी स्ट्राँग बाटली उतरायला चार ते सहा. आणि तेवढ्याच वजनाच्या पुरुषापेक्षा बाईच्या रक्तात तेवढ्याच दारूने प्रमाण जास्त चढतं, कारण आपल्या शरीरात पाण्याचा वाटा कमी असतो. रिकाम्या पोटी, घाम गाळून आल्यावर ते आणखी लवकर चढतं.

गाडी चालवणाऱ्यासाठी आपल्याकडे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमची मर्यादा आहे. ती मोटार वाहन कायद्यातली, त्यामुळे सायकलला लागत नाही. जर्मनीत सायकलस्वारालाही फौजदारी मर्यादा आहे, १.६ प्रति हजार, म्हणजे १०० ग्रॅम रक्तात १६० मिलिग्रॅम, आणि वेडीवाकडी चालवत असाल तर त्याहून कितीतरी कमी प्रमाणातही गुन्हा होतो. आपल्याकडे सायकलला मर्यादा नाही, म्हणून शरीराला ती कळत नाही असं नाही. पहिल्यांदा मंदावतं ते एकाच वेळी दोन ठिकाणी लक्ष ठेवणं. समोरचा खड्डा दिसतो, पण डावीकडच्या काचेतलं हललेलं डोकं दिसत नाही. दारापासून वाचायला नेमकं तेच लागतं.

आता बियर विरुद्ध वाईन. तुमच्या पत्रातला हा भाग मला सगळ्यांत आवडला आणि त्याचंच वाईटही वाटलं. जो पोरगा पहाटे उठून बागेत डाऊनी या बुरशीचे डाग शोधतो, छाटणीपासून तोडणीपर्यंत ज्याचा जीव टांगणीला असतो, त्याच्या द्राक्षांची वाईन पिऊन आपण त्याला बियरवाला म्हणून खालचा ठरवायचं? पंचेचाळीस किलोमीटर उन्हातून आल्यावर त्याला गार, कडसर, फेसाळ काहीतरी हवंसं वाटतं. त्यात रसिकतेचा प्रश्नच नाही, ती तहान आहे. तापलेल्या अंगाला तांबडी शिराझ तुरट आणि गरम लागते. तुमची पांढरी शेनिन ब्लांक चांगली थंड केलेली असते म्हणून तुम्हाला रुचते, एवढाच फरक.

सायकलस्वारांची ही तहान जुनी आहे. जर्मनीत बियर आणि लिंबू सोडा अर्धा अर्धा मिसळून पितात, त्याला राडलर म्हणतात. राडलर म्हणजेच सायकलस्वार. म्युनिकजवळच्या डायझेनहोफेनमध्ये फ्रान्झ झेवर कुगलर नावाचा खानावळवाला होता. १९२२ च्या जूनमध्ये त्याच्याकडे एका दिवशी हजारो सायकलवाले आले, बियर संपत आली, म्हणून त्याने ती लिंबू सोड्याने वाढवली, अशी गोष्ट सांगतात. शब्द त्याआधीचा आहे, त्यामुळे गोष्ट जशीच्या तशी खरी नसावी. पण मिश्रणामागचं शहाणपण खरं आहे, कारण त्यात अल्कोहोल अडीच टक्क्यांवर येतं. दोन टक्क्यांच्या आसपास असलेलं पेय शरीरातलं पाणी भरून यायला फारसं आड येत नाही. चारच्या पुढे गेलं की ते लांबतं. वाईनवाल्यांचाही असाच एक उत्सव आहे. इटलीत कियान्तीमधल्या गायोले गावात १९९७ पासून एरोइका नावाची राइड होते. जुन्या सायकली, पांढरे मातीचे रस्ते, आणि खाण्याच्या थांब्यांवर पाव, भाजीचं सूप आणि गावची वाईन. मला या दोन्ही गोष्टी मनापासून आवडतात. चव आणि सायकल यांचं नातं तोडून टाका, असं मी तुम्हाला कधीच सांगणार नाही.

सांगेन ते हे. हॉटेलात पोचल्यावर आधी लिंबू-मीठ-साखरेचं सरबत किंवा ताक, दोन-दोन ग्लास, सगळ्यांनी. मेनूकार्ड अर्ध्या तासाने मागवा. तोवर निम्म्या लोकांना मिसळ हवी असेल, मी पैज लावते. ज्यांना बियरचीच चव हवी त्यांच्यासाठी शून्य टक्क्यांच्या बियर आता सहज मिळतात. आणि ज्यांना खरी बियर किंवा खरी वाईन घ्यायची आहे त्यांची सायकल त्या दिवशी पुन्हा रस्त्यावर उतरणार नाही, एवढा एकच नियम करा. बियरला वेगळा आणि वाईनला वेगळा नको. एक छोटा हत्ती टेम्पो सांगून ठेवला की सात-आठ सायकली चादरी घालून आरामात बसतात, माणसं रिक्षाने येतील. त्याहून सोपं म्हणजे राइड घरी संपवा, आंघोळ करा, आणि संध्याकाळी सहकुटुंब त्याच हॉटेलात भेटा. तुमचे यजमानही येतील. धरणावर संध्याकाळी वारा सुटतो तेव्हा वाईन दुपारच्या उन्हापेक्षा नक्कीच चांगली लागते.

थांबा तुम्ही ठरवला होता. खरं आहे. परतीच्या प्रवासाचा विचार केला नाही, तेवढी चूक तुमची, आणि ती चौदा जणांत वाटून घ्यायची. दार तुमचं नाही.

दाराबद्दल आता सविस्तर, कारण उद्या ग्रुपमधले सगळे निर्व्यसनी झाले तरी गंगापूर रोडवरच्या गाड्या तिथेच असणार आहेत.

आपण डावीकडून चालतो, गाड्या डाव्या कडेला उभ्या असतात आणि आपल्या गाड्यांचा ड्रायव्हर उजवीकडे बसतो. म्हणजे सगळ्यांत जास्त वेळा उघडणारं दार बरोबर सायकलच्या वाटेत उघडतं. दार पूर्ण उघडलं की साधारण मीटरभर बाहेर येतं. ताशी २२ किलोमीटरने तुम्ही सेकंदाला सहा मीटर जाता. दार दिसून बोटं ब्रेकवर आवळेपर्यंत एक सेकंद सहज जातो, म्हणजे दीड गाडीची लांबी संपली. त्यामुळे दार उघडल्यावर वाचण्याची हुशारी कोणाकडेच नसते, न पिणाऱ्याकडेही फार नसते. वाचायचं ते दाराच्या टप्प्याबाहेर राहून.

तुम्ही लिहिलंय की तो "अगदी कडेने, शिस्तीत" चालला होता. इथेच आपल्या सगळ्यांची समजूत चुकते. लहानपणापासून सांगितलेलं असतं, कडेने चालव. मोकळ्या रस्त्यावर ठीक आहे. पण उभ्या गाड्यांच्या रांगेशेजारी कडेने चालवणं म्हणजे मुद्दाम दारांच्या पट्ट्यात जाणं. हँडलचं डावं टोक आणि गाड्या यांच्यात किमान मीटरभर जागा हवी. ब्रिटनच्या हायवे कोडमध्ये, म्हणजे तिथल्या रस्त्यावरच्या नियमांच्या पुस्तकात, २०२२ च्या बदलांत सायकलस्वारांना हेच सांगितलं आहे, दाराच्या रुंदीएवढं किंवा एक मीटर अंतर ठेवा. मागून हॉर्न वाजतील, वाजू द्या. ओळ सरळ ठेवा. दोन गाड्यांमधली मोकळी जागा दिसली की आत घुसायचं आणि पुढची गाडी आली की बाहेर यायचं, हे मात्र करू नका, मागच्याला तुम्ही एकदम उगवल्यासारखे दिसता. रस्ता इतका अरुंद असेल की मीटरभर सोडताच येत नाही, तर वेग ताशी दहा-बारावर आणा आणि बोटं ब्रेकवर ठेवा.

आणि वाचायला शिका. नुकताच विझलेला ब्रेकलाइट. मागच्या काचेतून दिसणारं डोकं. आरशात हललेला खांदा. रस्त्याकडे वळलेली पुढची चाकं. मेडिकल, बेकरी, एटीएम, शाळा, क्लासेस यांच्यासमोर लोक दोन मिनिटांसाठी थांबतात आणि घाईत उतरतात, तिथे हे सगळं दुप्पट. आत्ताच थांबलेली टॅक्सी असेल तर मागचं उजवं दारही उघडणार असं धरून चाला. ग्रुपमध्ये असाल तर उभ्या गाड्यांशेजारी एकामागे एक चाला, मध्ये दोन सायकलींचं अंतर ठेवा, आणि पुढच्याने मोठ्याने "दार!" असं ओरडायचं. आपण "खड्डा" ओरडतो तसंच. दार दिसल्यावर हात आपोआप उजवीकडे वळतो, आणि मागून येणारी बस आपल्याला दिसलेली नसते. तुमच्या भावाला दारापेक्षा मागच्या स्कूटरने जास्त धोका होता. म्हणून हँडलला छोटा आरसा लावा. मला सुरुवातीला तो म्हातारपणाचा वाटला होता, आता त्याच्याशिवाय जात नाही.

अजून एक गोष्ट तुमच्या ग्रुपच्या हातात आहे. चौदा जणांत गाड्या किती जणांकडे आहेत? बहुतेक सगळ्यांकडे असतील. मग स्वतःच्या गाडीचं दार आजपासून डाव्या हाताने उघडा. ड्रायव्हरच्या सीटवर बसून डावा हात दाराच्या खटक्यापर्यंत नेऊन बघा. खांदा आपोआप वळतो, मान मागे जाते, आणि मागून येणारी सायकल दिसते. नेदरलँड्समध्ये ही सवय जुनी आहे, आणि ब्रिटनच्या त्याच हायवे कोडमध्येही आता लांबच्या हाताने दार उघडा असं सांगितलं आहे. मागच्या सीटवर मुलं असतील तर उजव्या दाराचं चाइल्ड लॉक लावा, उतरायचं ते डावीकडून, फुटपाथच्या बाजूला. माझ्या बोटांच्या प्रसंगानंतर मी माझ्या भाचीला असंच शिकवलं. आता ती रिक्षातून उतरतानाही आधी मागे बघते.

आता ते एक "नाही". ताई, तुमच्या पत्रात मला खरोखर टोचलं ते हेच. डॉक्टर तो प्रश्न तुमची अब्रू काढायला विचारत नाहीत. भूल किती द्यायची, वेदनाशामक कोणतं द्यायचं, डोक्याला मार लागल्यामुळे गुंगी आहे की दारूमुळे, हे त्यावर ठरतं. तुम्ही त्याला वाचवायला खोटं बोललात आणि त्यानेच त्याला धोका झाला असता. आता वेळ टळली आहे, तरी पुढच्या तपासणीला त्याच्याबरोबर जा आणि डॉक्टरांना खरं सांगा. त्यांच्यासाठी नवल नसेल. आधी त्याला विचारा मात्र, कारण गोष्ट त्याच्या शरीराची आहे.

पोलिसांचंही त्यालाच ठरवू द्या, पण त्याला काय काय करता येतं ते माहीत असायला हवं. हलगर्जीपणाने कोणाचं हाड मोडलं तर ती कायद्याने गंभीर दुखापत आहे, भारतीय न्याय संहितेच्या कलम १२५ खाली गुन्हा होतो. भरपाई मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे मागता येते, ती गाडीच्या थर्ड पार्टी विम्यातून मिळते. गाडी उभी होती म्हणून दावा बसत नाही असं कोणी सांगेल. वाहनाचा "वापर" या शब्दात उभं वाहनही येऊ शकतं, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्येच महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात म्हटलं आहे. अपघातापासून सहा महिन्यांत अर्ज करायचा अशी अट २०१९ च्या दुरुस्तीने कायद्यात आली, तेव्हा फार थांबू नका. ग्रुपमधल्या कोणाच्या मोबाइलमध्ये त्या दुपारचे फोटो असतील तर गाडीचा नंबर त्यात सापडेल. मेडिकलवाल्याला कॅमेऱ्याचं विचारा, असं चित्रण बरेचदा थोडेच दिवस राहतं. जबाबात बियर सांगायचीच. समोरचा वकील ती पुढे आणणार आणि भरपाईतून काही कापलं जावं असं म्हणणार. पण प्यायलेल्या माणसासमोर न बघता दार उघडायची परवानगी कोणालाही नाही. एखाद्या चांगल्या वकिलाला एकदा कागद दाखवा.

तुमच्या यजमानांना घाबरायचा हक्क आहे. त्यांनी तुम्हाला हॉस्पिटलच्या बाकावर रक्ताळलेल्या जर्सीत पाहिलं असणार. त्यांच्याशी वाद घालू नका, त्यांना एकदा गाडीत ड्रायव्हरच्या सीटवर बसवा, तुम्ही मागून सायकल घेऊन या, आणि आरशात तुम्ही कधी दिसता, कधी नाही ते त्यांनाच बघू द्या. नाशिक हे महाजन बंधूंचं गाव आहे. त्या दोघा डॉक्टरांनी २०१५ मध्ये रेस अक्रॉस अमेरिका ही अमेरिका आडवी पार करणारी सायकल शर्यत पूर्ण केली आणि त्यानंतर तुमच्याकडे कितीतरी चाळिशीतल्या माणसांनी माळ्यावरच्या सायकली खाली काढल्या. तुम्हीही त्याच सुमाराच्या लाटेतल्या असाव्यात, असं पत्रावरून वाटतं. ते सोडू नका.

कॉलरबोन जुळायला सहा ते आठ आठवडे, सायकलवर बसायला त्याहून थोडं जास्त. तोवर त्याच्या बागेत ग्रुप घेऊन जा, सायकलवरून नाही, गाड्या घेऊनच. त्याच्याकडून वेल बघून घ्या, त्याला कोणती बियर आवडते ते विचारा. आणि उतरताना प्रत्येकाने डाव्या हाताने दार उघडलं का, ते बघा.

त्याचा हात कसा आहे ते मला कळवा.